चौदाव्या खेपेला

१

इंजेक्शन देऊन पाऊण तास उलटला तरी एक नंबरच्या खाटेवरचे बाइंडर आजोबा ओरडायचे थांबेनात, तेव्हा मेट्रनने नोकरीच्या बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. तिने औषधाची छोटी बाटली उचलली, सुईने दोन थेंब काढून स्वतःच्या जिभेवर टाकले आणि जागच्या जागी खिळून उभी राहिली.

ते औषध कडूजहर असतं. हे पाणी होतं.

कपाटात आणखी आठ बाटल्या होत्या. तिने एकेक करून सगळ्यांतले दोन-दोन थेंब चाखले. आठांतही पाणीच. रबरी बुचांवर बघितलं तर सुईची बारीक भोकं दिसत होती.

बारा खाटांचं ते रुग्णालय. तिथे कोणी बरं व्हायला येत नसे. पुढचे उपाय संपलेली माणसं शेवटचे दिवस निदान न कळवळता जावेत म्हणून येत. त्या बाटल्यांतलं औषध हा त्यांचा उरलासुरला आधार, आणि कोणीतरी तो सुईने शोषून घेऊन जागी नळाचं पाणी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध खात्याकडून तपासनीस बाई आल्या. वयाने पन्नाशीच्या, चपला फटफट वाजवत चालणाऱ्या. या खात्यात येण्याआधी नऊ वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. भेसळ, खोट्या चिठ्ठ्या, मुदत संपलेल्या गोळ्या हे सगळं त्यांनी पाहिलेलं. पण या वेळी त्या वॉर्डाच्या दारातच थबकल्या. फिनेलचा आणि आंबलेल्या दुधाचा वास त्यांच्या नाकात गेला. पण थबकल्या होत्या त्या वासामुळे नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं.

"काळजीचं कारण नाही," डॉक्टर त्यांना खोलीत बसवत म्हणाले. ही संस्था त्यांचीच. "आमच्या सफाईवाल्या मावशीला मी कालच घरी पाठवलंय. कपाट रोज तीच पुसायची."

"पुरावा काय?"

"पुरावा कसला? दुसरं कोण करणार असलं काम?"

तपासनीस बाईंनी समोर आलेला चहाचा कप बाजूला सारला.

"चार नंबरची बाई परवा गेली ना? तिला किती दिवस पाणी टोचलंत?"

डॉक्टरांनी मेट्रनकडे पाहिलं.

"माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "आणि ते कळायला आता काही मार्गही नाही."

दाराशी कुलूपवाला उभा होता. कपाट तपासायला त्याला बोलावून घेतलं होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "मार्ग आहे. हे कुलूप चुका लक्षात ठेवतं."

२

औषधांच्या खोलीला दार होतं, पण त्याला कडी नव्हती. आतल्या पोलादी कपाटाला बटणांचं कुलूप होतं: तीन-तीनच्या रांगेत एक ते नऊ आणि खाली शून्य. पाच आकडे ठराविक क्रमाने दाबायचे, पाचवं बटण दाबून धरायचं आणि मूठ ओढायची.

तपासनीस बाई वाकल्या. एक, तीन, चार, सहा आणि नऊ या बटणांवरचा रंग पार उडाला होता. बाकीची पाच नव्यासारखी चकचकीत.

"नंबर शेवटचा कधी बदललात?"

"बसवला तेव्हाचाच आहे," डॉक्टर म्हणाले. "चार वर्षं. सगळ्यांना त्रास नको म्हणून."

"म्हणजे आकडे कुठले ते कोणालाही नुसतं बघून कळत होतं."

"पण क्रम? क्रम फक्त मला आणि मेट्रनला ठाऊक. सहा, एक, नऊ, चार, तीन."

कुलूपवाल्याने आपलं यंत्र जोडलं. त्यातून कागदाची पट्टी बाहेर आली. कुठली बटणं दाबली ते त्यात नसे. किती वाजता चुकलं आणि किती वाजता उघडलं, एवढंच असे. ही सोय त्या कुलपात आहे हे डॉक्टरांनाही आजच कळत होतं.

चार वर्षांत चुका अगदी किरकोळ, कुठे एखाद-दुसरी. आणि मग बारा दिवसांपूर्वीचा मंगळवार. दुपारी एक वाजून पाच मिनिटांपासून ओळीने चुका. चार चुका झाल्या की कुलूप पाच मिनिटं गोठायचं, पुन्हा चार चुका, पुन्हा पाच मिनिटं. एक पंचवीसला कपाट उघडलेलं.

"एकूण तेरा चुका," कुलूपवाला म्हणाला. "चौदाव्या खेपेला उघडलं. त्यानंतर मात्र रोज दुपारी याच वेळेला एकदा उघडलंय. एकही चूक नाही."

मेट्रनने पट्टी हातात घेतली. "एक ते दोन आमची जेवणाची सुट्टी असते. या खोलीत कोणी नसतं." मग तिचा आवाज फुटला. "बारा दिवस! चार नंबरच्या बाईंना मीच सांगत होते, आत्ता दिलंय हं इंजेक्शन, लागेल थोड्या वेळात."

३

तपासनीस बाई आधी मावशीकडे गेल्या. दोन खोल्यांच्या घरात ती भाजी निवडत बसली होती. उठली नाही.

"सोळा वर्षं झाली मला तिथे," ती म्हणाली. "माणसांची घाण काढली. कधी नाक मुरडलं नाही. काल पहिल्यांदा किळस आली, ती डॉक्टरांच्या तोंडाची."

"बटणं तुम्ही पुसायचात?"

"रोज. पाच बटणं झिजलीत ते मलाही दिसतं. पण आधी कुठलं, मग कुठलं, ते मला काय कळणार? आणि कळलं असतं तरी?" तिने देठ मोडून टाकला. "मी रात्री झोपते, बाई. मला झोप लागते."

कंपाउंडरचं बोलणं तितकं सरळ नव्हतं. औषधांच्या खोलीतच मोठ्या मांडणीमागे त्याचं टेबल होतं. त्याला घाम फुटला होता.

"नंबर मला माहीत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "म्हणजे पूर्ण माहीत नाही. सहापासून सुरू होतो एवढं ठाऊक आहे. डॉक्टरच एकदा म्हणाले होते, सहा आपला शुभ आकडा, सुरुवात त्यानेच करायची. मॅडम, हे मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं!"

"मंगळवारी एक वाजता कुठे होतात?"

"घरी. जेवायला."

"कोणी पाहिलं?"

"मी एकटाच राहतो," तो पुटपुटला.

परत वॉर्डात आल्या तेव्हा एक नंबरच्या खाटेशी, औषधांच्या खोलीच्या दाराला लागून असलेल्या खुर्चीवर, एक गोरटेला माणूस बसला होता. आजोबांचा हात हातात घेऊन तो हळू आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्याची आत्या इथेच गेली. तेव्हापासून तो रोज दुपारी येऊन रुग्णांना वाचून दाखवी, कोडी घाली, पाय चेपून देई. कोणी पैसे देऊ केले तर हात जोडी.

"मी वाचनालयात होतो, ताई," तो म्हणाला. "आयुष्यभर पुस्तकांची कार्डं क्रमाने लावली. आता यांची सेवा. घ्या ना, पेपरमिंट घ्या. इथल्या वासावर बरं पडतं."

तपासनीस बाईंनी पेपरमिंट तोंडात टाकली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणाबद्दल बरं वाटलं. भाऊच्या मांडीवर एक वही होती. चार अक्षरांच्या कोड्याखाली त्याने त्या अक्षरांच्या सगळ्या उलटसुलट मांडण्या ओळीने लिहिल्या होत्या. अकारविल्हे, एकही न गाळता. चोवीसच्या चोवीस.

"शिस्त आहे तुमच्या हाताला," त्या म्हणाल्या.

"अंदाजाने शोधलं की वेळ जातो, ताई. क्रमाने गेलं की हमखास सापडतं."

वही खाटेवर ठेवून भाऊ पाणी आणायला उठला तेव्हा आजोबांनी डोळे उघडले. मेट्रनने दुसऱ्या रुग्णालयातून मागवलेलं खरं औषध त्यांच्या अंगात आता भिनलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती.

"बाई, एक तक्रार आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "ही वही मी शिवलेली. इथे यायच्या आधीची शेवटची. कोणीतरी तिचं पान फाडलंय."

"एक पान गेलं, आजोबा. जाऊ द्या."

"एक कसं जाईल?" आजोबा वैतागले. "पान दुमडून शिवतात. एक फाडलं की पलीकडचं जोडपान सुटतं. बघा, लोंबतंय!"

तपासनीस बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या. डोक्यात तेरा हा आकडा घुमत होता.

४

मेट्रनच्या टेबलावर त्यांनी एक जुनं पाकीट पालथं केलं आणि त्यावर पाच लिहून पुढे उद्गारचिन्ह काढलं.

"याला क्रमगुणित म्हणतात, सिस्टर. माझ्या वर्गातली मुलं विचारायची, पाचाला एवढं आश्चर्य कसलं वाटलं? पहिल्या जागी पाचांपैकी कुठलाही आकडा येईल. दुसऱ्या जागी उरलेल्या चारांतला. मग तीन, दोन, एक. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन. किती?"

"एकशेवीस."

"नुसती झिजलेली बटणं बघून आलेल्या माणसापुढे एकशेवीस वाटा. आता तो लहान आकड्यापासून क्रमाने चालला असं धरू. आपला नंबर सहाने सुरू होतो. एक, तीन आणि चारने सुरू होणाऱ्या मांडण्या आधी संपवाव्या लागतील. प्रत्येकी चोवीस, म्हणजे बहात्तर. सहाच्या पुढे आणखी पाच चुकल्या की आपला नंबर. सत्त्याहत्तर चुका. मधल्या गोठण्यातच दीड तासाच्या वर गेला असता. तुमची सुट्टी एक तासाची."

"म्हणजे मावशी नाही," मेट्रन पटकन म्हणाली.

"बहुतेक नाही. आता कंपाउंडर. त्याला पहिला सहा ठाऊक. उरले चार आकडे, मांडण्या चोवीस. क्रमाने गेला असता तर पाच चुकांनंतर सहाव्याला उघडलं असतं. तेरा नाही येत."

"आणि मी?"

"तुम्हाला सगळाच नंबर ठाऊक. तुम्ही एकदाही चुकला नसतात. मुद्दाम चुकायचं तर कुलूप मोजतंय हे माहीत हवं, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं."

"मग तेरा कशाने येतात?"

तपासनीस बाईंनी पाकिटावर झरझर आकडे लिहिले. पेन्सिल एका जागी थांबली.

"शेवटचा आकडा ठाऊक असेल तर. शेवटी तीन आहे हे ज्याला कळलंय, त्याच्याकडे उरतात एक, चार, सहा, नऊ. एकने सुरू होणाऱ्या सहा मांडण्या चुकल्या. चारने सुरू होणाऱ्या सहा चुकल्या. बारा. सहा-एक-चार-नऊ चुकली. तेरा. आणि चौदावी सहा-एक-नऊ-चार."

मेट्रनने पाकीट आपल्याकडे वळवून घेतलं. "पण नुसता शेवटचाच आकडा कोणाला कळेल?"

"चला, तेच बघू. तुम्ही कपाट उघडा."

कपाट उघडताना मेट्रनची पाठ बटणांवर येत होती. तपासनीस बाई आधी कंपाउंडरच्या स्टुलावर बसल्या. मांडणीआडून काहीच दिसेना. बाहेरच्या वाटेवर उभ्या राहिल्या, तरी काही दिसेना. मग त्या एक नंबरच्या खाटेशी गेल्या आणि दाराजवळच्या त्या, आता रिकाम्या, खुर्चीवर बसल्या. दाराच्या धुरकट काचेत एक बोटभर स्वच्छ पट्टी होती. तिच्यातून मेट्रनची पाठ दिसली. पाठ चार वेळा हलली. मग मूठ ओढायला मेट्रन बाजूला वळली, आणि दाबून धरलेल्या बटणावरचं तिचं बोट लख्ख दिसलं.

सगळ्यात वरची रांग, उजवीकडचं बटण. तीन.

तपासनीस बाईंच्या तोंडात पेपरमिंटचा गारवा अजून रेंगाळत होता. त्या बेसिनशी गेल्या आणि चार वेळा चुळा भरल्या. चव जाईना.

५

"हे गणित कोर्टात टिकायचं नाही," त्या मेट्रनला म्हणाल्या. "आंधळेपणाने बटणं दाबणाऱ्यालाही नशिबाने चौदाव्या खेपेला यश येऊ शकतं. कंपाउंडर क्रम सोडून गेला असेल तर त्याच्याही तेरा चुका होतील. मला बोट दाखवता येतं, पकडता येत नाही."

आणि मग त्या एकदम आजोबांच्या खाटेकडे वळल्या.

"आजोबा, पान कधी फाटलं?"

"झाले दहा-बारा दिवस. माझ्या दुखण्याच्या आधी." आजोबा थांबले. "म्हणजे दुखणं वाढायच्या आधी."

खाटेवरची वही उघडून तपासनीस बाईंनी सुटलेलं जोडपान बाजूला केलं. शिवणीपाशी फाटल्याची दातेरी कड राहिली होती. तिच्या खालचं पान कोरं होतं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. मग शिसपेन्सिल आडवी करून त्यावरून हलकेच फिरवली.

करड्या रंगातून पांढरे आकडे वर आले. लिहिणाऱ्याचा हात दाबून लिहिणारा होता.

वर कोपऱ्यात तीन, खाली रेघ मारलेला. त्याखाली चार-चार आकड्यांच्या ओळी: एक चार सहा नऊ, एक चार नऊ सहा, एक सहा चार नऊ... ओळीने चोवीस. पहिल्या तेरांवर काट. चौदावीभोवती गोल.

"काय सापडलं?" आजोबांनी विचारलं.

त्या माणसाने हा हिशेब या खुर्चीत बसून, या म्हाताऱ्याने हाताने शिवलेल्या वहीत मांडला होता. लिहिताना मध्येच कोडंही घातलं असेल. पाणी हवं का म्हणून विचारलंही असेल.

"तुमची तक्रार बरोबर होती," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला हवी होती."

६

भाऊला औषधांच्या खोलीत बोलावलं तेव्हा दाराबाहेर पोलीस उभा होता. डॉक्टर आत होते, मेट्रनही होती. तपासनीस बाईंनी काही न बोलता ते करडं पान त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते उचलून नीट पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. असलीच तर जरा कौतुकाची छटा होती, आपलं अक्षर बघितल्यासारखी.

"चौदाव्याला उघडलं," तो म्हणाला. "मी चोवीसच्या तयारीने आलो होतो."

"औषध कुठे आहे?"

"गेलं. बाहेर त्याला गिऱ्हाईक आहे, ताई. तुम्हाला मी काय सांगू?"

त्याच्या पिशवीत, वर्तमानपत्राखाली, डोळ्यांत घालायच्या औषधाची रिकामी बाटली आणि चष्म्याच्या डबीत सुई सापडली.

"माणसं ओरडत होती," मेट्रन म्हणाली. "तुमच्यासमोर ओरडत होती, भाऊ."

"ती तशीही ओरडतात, सिस्टर. आठ दिवस आधी काय, नंतर काय. जाणारच होती ना?"

"आणि तुम्ही त्यांचा हात धरून बसत होतात," तपासनीस बाई म्हणाल्या.

भाऊने खरंच नवल वाटल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"मग? कोणीतरी बसायला नको?"

तपासनीस बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. नाल्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर माणूस जसा श्वास कोंडून धरतो, तसा त्यांनी पोलीस त्याला घेऊन जाईपर्यंत श्वास कोंडून धरला.

दार बंद झाल्यावर डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, चोर सापडला. आता हे आतल्या आत मिटलं तर बरं. देणगीदार आहेत, संस्थेचं नाव आहे..."

"चार वर्षं एकच नंबर ठेवलात, हे माझ्या अहवालात पहिल्या ओळीत येईल. तुमच्या सोयीसाठी."

"पण मी काय केलं?"

"तेच लिहिणार आहे. काही नाही."

त्या बाहेर पडल्या. मेट्रनही चपला घालून निघाली होती.

"मावशीच्या घरी जातेय," ती म्हणाली. "डॉक्टर फोन करणार होते. म्हटलं, फोन नको. निदान एकाने तरी तिच्या दारात उभं राहायला हवं."

७

नियमाने तपासनीस बाईंचं काम इथे संपलं होतं. पण चार नंबरच्या बाईंच्या मुलीला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि डॉक्टर सांगणार नाहीत हे दिसतच होतं.

मुलीचं कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. ती मशीनवर बसली होती. कारवाईची नोटीस असेल या धसक्याने आधी उठून उभी राहिली. तपासनीस बाईंनी तिला बसवलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. बाटल्या, पाणी, बारा दिवस.

मुलीने मशीनखालच्या कापडाची सुरकुती सरळ केली.

"आई म्हणत होती," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात म्हणत होती, अगं, इंजेक्शन लागतच नाहीये. नुसतं टोचतात. मला वाटलं, दुखण्याने चिडचिड करतेय." "मी तिला म्हटलं, आई, नाटकं करू नकोस. सगळे बघतायत."

तपासनीस बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग ती गप्प झाली. ओरडलीच नाही नंतर. चादर तोंडात धरून पडायची. मला वाटलं, लागलं वाटतं औषध."

बाहेर कोणीतरी कपडे घेऊन आलं. मुलीने हातानेच नंतर या म्हणून खुणावलं.

"मी त्या माणसाला पत्र लिहिलंय," ती म्हणाली. "आई गेली त्याच दिवशी. शेवटपर्यंत माझ्या आईचा हात धरलात, तुमचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत, असं. डॉक्टरांनी ते दर्शनी फळ्यावर लावलंय. येणारे-जाणारे वाचतात."

"मी उद्या सकाळी काढून आणते."

"उद्या नाही." मुलगी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "आज. आत्ता जा तुम्ही. मी दुकान उघडं ठेवते."

तपासनीस बाई उठल्या आणि आल्या वाटेने पुन्हा रुग्णालयाकडे निघाल्या.